रिलीव्हर आल्याशिवाय

आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती, आणि तेवढ्यावरून निम्मी भिलाई त्याला कॉलेज मानायला तयार नव्हती. कारखाना उभा राहत होता. रोज एक नवी चिमणी दिसायची, रशियन साहेब उन्हात लालबुंद होऊन फिरायचे, आणि आमच्या कामगारांच्या लायनीतलं शेंबडं पोरही मोठेपणी इंजिनियर होणार असल्याचं सांगायचं. अशा गावात मी तत्त्वज्ञान घेऊन बीए करत होते. "त्यानं लोखंड निघते काय, बाई?" असं मला नळावर विचारलं जायचं, राशनच्या रांगेत विचारलं जायचं, एकदा तर गणपतीच्या मांडवात आरती चालू असताना विचारलं गेलं. पहिलं वर्षभर मी समजावून सांगितलं. मग सोडून दिलं. ज्याला लोखंड पाहिजे त्यानं भट्टीवर जावं, एवढं म्हणून मी बादली उचलायचे.

कॉलेज म्हणजे दुर्गच्या वाटेवरची एक लांबलचक शेड. कारखान्याच्या बांधकामाच्या वेळी तिथे सिमेंट ठेवत. काम पुढे सरकलं, शेड रिकामी पडली, आणि दुर्गच्या चार जुन्या प्रतिष्ठित मंडळींनी ती मागून घेऊन तिच्यात कॉलेज घातलं. भिंती छातीपर्यंत विटांच्या, वर जाळी, त्याच्यावर सिमेंटचे पत्रे. मार्चनंतर पत्रे असे तापायचे की इतिहासाचे सर एका हातानं पुस्तक धरायचे आणि दुसऱ्यानं रुमाल. वाऱ्याची दिशा बदलली की जाळीतून कारखान्याची धूळ आत यायची आणि बाकावर बोटानं नाव लिहिता यायचं. हिंदी, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान, एवढेच विषय. लायब्ररी दोन कपाटांची, किल्ली कारकुनाच्या खिशात, आणि कारकून बहुधा चहाच्या टपरीवर. पण गॅदरिंगला त्याच शेडमध्ये बंगाली गाणं व्हायचं, तेलुगू नाच व्हायचा, सरदारांची पोरं भांगडा करून पत्रे हलवायची, आणि वादविवादाच्या स्पर्धेत मी दोन वर्षं लागोपाठ मुलांना गप्प केलं होतं. मला ती जागा आवडायची. अजूनही त्या शेडला कोणी नाव ठेवलं तर मला राग येतो.

शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञानात आम्ही तिघं होतो. एक मी. माझे बाबा भंडाऱ्याकडचे, धानाची शेती भावाकडे सोपवून कारखान्याच्या पायाच्या खोदकामावर आलेले आणि नंतर कोक ओव्हनवर कायम झालेले. भट्ट्यांची दारं उघडायची आणि लावायची, हे त्यांचं काम. दुसरी दुर्गच्या वकिलांची मुलगी. तिच्या घरी तीन पिढ्या दुर्गातच, मराठी अगदी छापील, आणि मी 'मले' म्हटलं की ती आधी हसायची आणि मग माफी मागायची. तिसरा कारखान्यातला क्रेनवाला. वय तिशीच्या पुढे, दोन लेकरांचा बाप, गोंदियाकडचा. त्याला कोणी विचारलं की या वयात कशाला शिकतोस, तर तो म्हणायचा, "दिवसभर वर बसून खालचं पाहतो. कोनी सांगन तरी का हे चालून काय राहिलं."

त्याच्यामुळेच आमच्या वर्गात लॉगबुक आलं. आमचा तास दुपारी तीनचा. त्याची सकाळची पाळी असली तर तो दोनला सुटून सायकल मारत यायचा. रात्रपाळी असली तर झोप काढून यायचा. पण दोन ते दहाची पाळी लागली की आठवडाभर गायब. तेव्हा त्यानं कारखान्याची रीत वर्गात आणली. तिथे दर पाळीला एका वहीत लिहून ठेवतात, काय झालं, काय बिघडलं, पुढच्यानं कशाकडे लक्ष द्यायचं. खाली दोन रकाने असतात, चार्ज कोणी दिला आणि चार्ज कोणी घेतला. त्यानं जाड पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले, आणि मला म्हणाला, "मी नसन तेव्हा ह्याच्यात लिहीत जा. मी आलो का वाचून सही करतो." मी लिहू लागले. सरांनाही गंमत वाटली. ते तास संपला की वही मागून घ्यायचे आणि मी काही चुकीचं लिहिलं असेल तर भुवया वर करायचे.

त्या वर्षी गणपती उठले आणि सर गेले. त्यांना जबलपूरकडे मोठ्या कॉलेजात जागा मिळाली होती. त्यांना दोष देत नाही. जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतके ते खजील झाले होते. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी आम्हाला बोलावलं. ते दुर्गचेच, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मऊ. म्हणाले, "मुलांनो, तीन विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक आणणं संस्थेला जमणार नाही. विषय बंद करतोय. तुम्ही अर्थशास्त्र घ्या." खालच्या वर्गात दोघी होत्या, त्यांनाही तेच सांगितलं. आमच्या खोलीत टायपिंगचा वर्ग सुरू होणार होता, कारण कारखान्याला टायपिस्ट हवे होते.

शेवटच्या वर्षाला विषय बदलायचा म्हणजे पुन्हा मागून सुरुवात. वकिलांच्या मुलीला ते परवडलं असतं. मला नाही. घरात माझं एकच वर्ष शिल्लक होतं. आईनं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं की या खेपेला बीए झाली तर झाली, पुढच्या उन्हाळ्यात पोरीचे हात पिवळे करायचे. आई दुष्ट नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर माझं वय वाढत होतं, आणि लायनीतल्या बायका तिला ते रोज मोजून दाखवत होत्या.

त्या दिवशी बाबा रात्रपाळीहून सकाळी सहाला सुटायचे, ते दुपारी अडीचला आले. डोळे लाल, कानात काळं, कपड्यांना डांबराचा वास. आईनं ताट वाढता वाढता तोंडसुख घेतलं. "बाकीचे सारे आले. तुमालेच का चिकटून ठेवलं तिथं?"

"रिलीव्हर नाई आला," बाबा म्हणाले. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीला येऊन जागा घेणारा माणूस.

"मंग यायचं होतं निघून."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना चोरी करायला सांगितली. "भट्टी चालू आहे तिकडं. जागा सोडून कसा येऊ? रिलीव्हर आल्याशिवाय हालता नाई येत."

मी त्याच वेळी माझं रडगाणं काढलं. सर गेले, विषय बंद, खोली टायपिंगला. बाबा लाखोरीचं वरण भातावर ओतत ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"तुह्या मास्तरच्या जागी रिलीव्हर कोन?"

"कोनीच नाई, बाबा."

"असं कसं होईन? येते मानूस. उशीर होत असन." त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "तू जागा नको सोडू. तू उठली तं तेयले वाटन का काम बंदच आहे. बसून राय."

आज हसू येतं, पण मी ते अगदी शब्दशः घेतलं. आम्ही कारखान्याची माणसं. आमच्या अनुभवात चालू कामावरचा माणूस गेला की दुसरा येत असे, उशिरा येत असे, दारू पिऊन येत असे, पण येत असे. कॉलेजात माणूस गेला की नुसती जागाच पुसून टाकतात, हे मला माहीतच नव्हतं. क्रेनवाल्यालाही माहीत नव्हतं. मी त्याला बाबांचं म्हणणं सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "बराबर तं आहे." वकिलांच्या मुलीला मात्र माहीत होतं. ती म्हणाली, "अगं, कोणी येत नसतं. असं नसतं ते." मी म्हटलं, "तुला यायचं तर ये, नाही तर अर्थशास्त्र घे." ती रुसून गेली आणि दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं असताना माझ्या आधी येऊन बसली होती.

आम्ही बसलो. रोज तीनला. मी हजेरी घ्यायचे, तिघांची किंवा दोघींची. मग सरांनी जिथे सोडलं होतं तिथून पुस्तक वाचायचं. पुस्तक हिंदी, वाद मराठीत, शिव्या क्रेनवाल्याच्या. वकिलांच्या मुलीकडे घरी शब्दकोश होते, ती अवघड शब्द घेऊन जायची आणि अर्थ घेऊन यायची. क्रेनवाल्याकडे उदाहरणं होती. कार्य आणि कारण यांच्यावर पुस्तकात चौदा पानं होती, ती वाचून आम्हाला घाम फुटला. त्यानं सांगितलं, "साखळी तुटली आणि भार पडला. साखळी कावून तुटली? गंजली होती. गंजली कावून? कोनी पाह्यली नाई. कोनी कावून पाह्यली नाई? आता बोल, भार कोनी पाडला?" त्यावर आम्ही तीन दिवस भांडलो. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'चौदा पाने झाली. शेवटचे दीड पान तिघांनाही कळले नाही. पुढच्याने पाहावे.'

टायपिंगची यंत्रं दिवाळीनंतर आली. आठ होती. शिपायानं एकेक करून आणून बाकांवर ठेवली आणि आम्हाला म्हणाला, उठा. मी म्हटलं, आमचा तास चालू आहे. तो प्रिन्सिपॉलांना घेऊन आला.

प्रिन्सिपॉल दारात उभे राहिले. त्यांचा मऊ आवाज जरा खरखरीत झाला होता. "हे काय आहे? तू संप करतेस का, मुली?"

त्या गावात त्या काळात संप हा शब्द कोणी उगाच उच्चारत नसे. मी घाबरले, हे कबूल करते. पण त्याहून जास्त राग आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाही सर. संपात माणूस काम सोडतो. आम्ही काम सोडायला तयार नाही, म्हणून तर तुम्ही चिडलात."

"शिकवायला कोणी नाही, तर काम कसलं?"

"रिलीव्हर येईपर्यंत आम्हीच चालवतो आहोत. वही आहे सर. पाहून घ्या."

त्यांनी वही घेतली नाही. शिपायाला यंत्रं तिथेच ठेवायला सांगितलं आणि निघून गेले. पुढचे दोन महिने आम्ही यंत्रांच्या गर्दीत बसलो. टायपिंगचा वर्ग चारला सुरू व्हायचा, आणि लवकर येणाऱ्या मुली आमच्या डोक्यावर खटखट करायच्या. मी आवाज चढवायचे. क्रेनवाला म्हणायचा, माह्या क्रेनीपेक्षा हे बरं आहे. खालच्या वर्गातल्या दोघी अर्थशास्त्रात गेल्या होत्या, पण त्यांचा तास लवकर सुटला की मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि टायपिंगला आल्यासारखं दाखवायच्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी त्यांची नावं हजेरीत घालून टाकली.

लायनीत व्हायचं ते झालं. बिनमास्तरची शाळा म्हणून माझी टर उडाली. आईच्या कानावर आलं की मी एका लग्न झालेल्या क्रेनवाल्याबरोबर रोज खोलीत बसते. आई रडली. बाबा क्रेनवाल्याला ओळखत नव्हते. ते एक दिवस त्याच्या खात्यात गेले, त्याला शोधलं, त्याच्याबरोबर चहा प्याले, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "चांगला मानूस आहे. कामावर कधी उशिरा नाई येत." एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. आईचा संपला नाही, पण तिनं मला डबा देणं बंद केलं नाही.

जानेवारीत परीक्षेचे फॉर्म आले. फॉर्मवर प्रिन्सिपॉलांची सही लागायची, की या विद्यार्थ्यानं वर्षभर तास केले आहेत. आम्ही तिघं फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिलो. ते म्हणाले, "प्राध्यापक नसताना तास झाले असं मी कसं लिहून देऊ? खोटं लिहू?"

मी वही टेबलावर ठेवली. "सर, यात एकही दिवस खोटा नाही. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडून एकही दिवस सुटलेला नाही. तुम्ही वाचा आणि मग सांगा की तास झाले नाहीत. तेवढं म्हणालात तर मी फॉर्म फाडून घरी जाते."

एवढं बोलून मी बाहेर आले आणि कडुनिंबाखाली बसून ढसाढसा रडले. वकिलांची मुलगी मला रुमाल देत म्हणाली, "फाडते म्हणालीस? तुले अक्कल नाही का?" तिच्या तोंडून 'तुले' ऐकून मी रडता रडता हसले.

प्रिन्सिपॉलांनी वही आठ दिवस ठेवून घेतली. त्या आठ दिवसांत आम्ही सुट्या कागदांवर लिहीत राहिलो. नवव्या दिवशी शिपायानं वही आणि तिन्ही फॉर्म आणून दिले. फॉर्मवर सह्या होत्या. मी वही उघडली. जिथे जिथे मी 'कळले नाही' असं लिहिलं होतं, तिथे समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. कार्यकारणाच्या त्या दीड पानासमोर तर दोन्ही समास भरले होते. अक्षर नोटिस बोर्डावर रोज दिसणारं. त्यांनीही कधीकाळी हाच विषय घेतला होता, हे आम्हाला कारकुनाकडून नंतर कळलं. क्रेनवाल्यानं समास वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बुढ्याले येते तं. मंग शिकवत कावून नव्हता?" याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. त्यांनी सही दिली, पण विषय बंद तो बंदच ठेवला, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

आम्ही तिघंही पास झालो. मी सेकंड क्लासात, वकिलांची मुलगी माझ्याहून वर, क्रेनवाला काठावर. त्यानं त्याच्या खात्यात पेढे वाटले आणि लोकांनी त्याला विचारलं की आता पगार वाढणार का. तो म्हणाला, नाही, पण आता खाली पाहताना बरं वाटते.

निकालाच्या दिवशी मी वही घरी घेऊन आले. ती माझी कमाई होती. मी ती नव्या कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवत होते. आई शेजारच्या बाईशी बोलत होती, कारण रविवारी नागपूरकडचे लोक मला पाहायला येणार होते. बाबा पाळीवरून आले, पाय धुतले, आणि त्यांची नजर वहीवर पडली.

"हे काय होय?"

"लॉगबुक, बाबा. कॉलेजचं."

"इथं कावून?" त्यांचा आवाज बदलला. "लॉगबुक घरी नाई आनत कोनी. जागेवर रायते ते."

"आता काय बाबा, संपलं ना. पास झाली मी."

"चार्ज कोनाले देल्ला?"

"कोनालेच नाई."

"रिलीव्हर आला?"

"नाई."

बाबा जमिनीवर बसले. ते रागावले असते तर मी उलट बोलले असते. ते रागावले नाहीत. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "मंग तू उठली कशी तिथून?"

वर्षभर मी प्रिन्सिपॉलांना, लायनीतल्या बायकांना, साऱ्यांना उत्तरं दिली होती. बाबांना देता आलं नाही. मला मागच्या बाकावरच्या त्या दोघी आठवल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, ताई, जुलैत आम्ही कुठे बसायचं? मी परीक्षेच्या घाईत होते. पाहू, असं म्हणून मी निघून आले होते.

मी वही ट्रंकेतून काढली. आई आत आली, तिला सगळं कळलं आणि ती दोघांवरही ओरडली. पगार नाही, नेमणूक नाही, लग्नाची पोरगी फुकटात टायपिंगच्या यंत्रांत जाऊन बसणार, आणि रविवारच्या पाहुण्यांना काय सांगायचं? बाबांनी सदरा खुंटीला टांगला आणि म्हणाले, "सांग तेयले, पोरगी ड्युटीवर आहे. रिलीव्हर आल्यावर पाहू." पाहुणे आले नाहीत. पुढे बरेच पाहुणे आले नाहीत, आणि मी त्याचं दुःख केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

जुलैत कॉलेज उघडलं त्या दिवशी बाबांची दोनची पाळी होती. त्यांनी मला दीड वाजता सायकलच्या कॅरिअरवर बसवून शेडपर्यंत सोडलं. फाटकाशी पाय टेकून म्हणाले, "कोनी आलं असन तं चार्ज देऊन ये. नाई आलं तं बस." आणि भोंगा व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून जोरात पायडल मारत निघून गेले.

खोलीत कोणी आलेलं नव्हतं. आठ यंत्रं झाकून ठेवलेली होती. तीनला त्या दोघी आल्या, मला पाहून दारातच थबकल्या, आणि मग मागच्या बाकावर न बसता पुढे येऊन बसल्या. मी वही उघडली. तारीख घातली, दोघींची हजेरी लिहिली. मग खालचे दोन रकाने आले. चार्ज कोणी दिला, तिथे मी माझी सही केली. चार्ज कोणी घेतला, तिथेही माझीच केली, आणि पुस्तकाचं पहिलं पान काढलं.